हिरव्या जाळीपलीकडची मेंढरं

आमच्या शाळेच्या दारातच बारा गुणांची पाटी आहे. जिज्ञासू, प्रामाणिक, विचारी, धाडसी, मनमोकळा, काळजी घेणारा असे एकेक करून बारा गुण, प्रत्येकाला एक हसरा गोल चेहरा आणि खाली तेच पुन्हा इंग्रजीत. पहिली ते चौथीच्या पोरांनी हे बारा गुण अंगी बाणवले की पोरगं जगाचं नागरिक होतं, असं आमच्या अभ्यासक्रमाचं म्हणणं आहे. मी रोज सकाळी त्या पाटीखालून आत जाते आणि रोज मनात म्हणते, यातले निम्मे गुण असलेलं एक तरी मोठं माणूस या आवारात दाखवा, मी उद्यापासून घरी बसते. त्यात मला धरू नका. माझ्याकडे त्यातलं काय आहे ते पुढे येईलच.

शाळा कडेगावच्या बाहेर, तिन्ही बाजूंनी ऊस. चेअरमन इथलेच बागायतदार. सांगलीच्या एका शाळेवर त्यांनी ‘इंटरनॅशनल’ अशी पाटी बघितली आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. मग पुण्याहून एक कंपनी आली. तिने पुस्तकं दिली, गोल टेबलं दिली, पाट्या दिल्या, आणि आम्हा बायकांना तीन दिवस खुर्च्यांचं कोंडाळं करून बसवलं. ‘आपल्याला संपूर्ण बालक घडवायचंय,’ शिकवायला आलेला पोरगा म्हणाला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. शेजारी बसलेल्या बाईंना तीन मुलं होती, त्या वहीत लिहून घेत होत्या. इतके दिवस आम्ही पोरांची नुसती कोपरं आणि गुडघे शिकवत होतो की काय, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. धाडस हा गुण पाटीवर चौथ्या नंबरला आहे.

मार्क बंद झाले. आता प्रत्येक गुणापुढे चार पायऱ्यांची चित्रं: बी, कोंब, रोप, वृक्ष. चेअरमनना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, ‘बी कसलं? आमच्यात उसाचं कांडं लावत्यात.’ अख्ख्या प्रशिक्षणात शहाणपणाचं वाक्य तेवढं एकच ऐकायला मिळालं.

सकाळी मन शांत करण्याचा तास असतो. पोरं डोळे मिटून बसतात आणि तेवढ्यात बाहेरून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर कर्णे लावून जातो. पोरं डोळे मिटूनच डुलायला लागतात. आंतरराष्ट्रीय दिनाला आयांनी रात्रंदिवस खपून पोशाख शिवले, चार जपानी आले, दोन आफ्रिकी आले, त्यांची तोंडं काजळाने माखलेली. ते काजळ मात्र मी हेडबाईंच्या डोळ्यांदेखत नळाखाली धुऊन काढलं. वर्गातल्या एका पोराचे आजोबा फौजेत असताना खरोखर आफ्रिकेत शांतिसेनेत राहून आलेले. ते दारात उभे होते. त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही, बिस्किटाच्या पुड्यांची खोकी मात्र उचलायला लावली.

आता माझं. मी मूळची माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की माझा बाप कळप घेऊन खाली उसाच्या पट्ट्यात उतरायचा आणि ज्येष्ठात परत यायचा. मी आठ वर्षांची होईपर्यंत त्या वाटेने चालले आहे. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि मागे मी. मग वसतिगृह, मग वाईला डीएड. वाईत दोन वर्षांत माझी जीभ अशी काही धुतली गेली की घाटावरच्या भटजींच्या घरातली वाटावी. इथे मुलाखतीला आले तेव्हा हेडबाईंनी विचारलं, ‘तुमच्या बोलण्यात इकडचा हेल नाही. कुठल्या तुम्ही?’ मी म्हणाले, ‘वाईची.’ त्या खूश झाल्या. त्या दिवसापासून मी वाईची आहे. नवऱ्याला खरं माहीत आहे, शाळेत कुणाला नाही.

त्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगी होती, कायद्याने ठेवाव्या लागतात त्या मोफत जागेवर आलेली. बाप मुंबईला बाजारात ओझी उचलायचा, आई इथल्या एका मळ्यात कामाला. तिचा आजा, म्हणजे आईचा बाप, माणातला मेंढका. मुलगी खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलाशी बसायची, बोलायची कमी, पण बघायची फार. फळ्यावर मी तारीख चुकवली तर बाकीच्या पोरांच्या आधी तिच्या कपाळावर आठी दिसायची. मला ती आवडायची, आणि तिची भीतीही वाटायची. का ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

माघाच्या सुमाराला सहा आठवड्यांचा एक विषय लागला: ‘फिरस्ती माणसं आणि आपण’. कंपनीच्या पुस्तकात मंगोलियाचे मेंढपाळ होते, गुळगुळीत कागदावर, गालांवर लाली. कंपनीने त्यांच्या गोल तंबूचं सामानही पाठवलं. थर्माकोल, खिळे, पांढरा कापूस. सहा आठवडे आम्ही थर्माकोल कापत होतो. पोरांच्या केसांत त्याचे गोळे, डब्यात गोळे, कुणाच्या तरी नाकात एक गोळा गेला तो काढायला डॉक्टर आणावा लागला. ‘हे हाताने शिकणं आहे,’ हेडबाई म्हणाल्या.

गृहपाठ होता, घरातल्या मोठ्या माणसाची प्रवासाबद्दल मुलाखत. सगळ्या पोरांचे गृहपाठ आयांनी मोबाइलवरून उतरवून दिलेले. एकाच्या आजीने सिंगापूर बघितलं होतं, दुसऱ्याच्या आजीनेही तेच सिंगापूर त्याच शब्दांत बघितलं होतं. ह्या मुलीने मात्र पाच पानं आणली. मराठीत, पेन्सिलीने, स्वतःच्या अक्षरात.

ती पानं मी मधल्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच राहिला. आजा कुठल्या गावाहून कुठल्या गावाला जातो, कुठल्या विहिरीवर पाणी भरू देतात आणि कुठल्या विहिरीवर कुत्री सोडतात. रात्री मेंढरांभोवती लावायच्या जाळीला वाघर म्हणतात आणि ती वळायला त्याला एक पावसाळा लागतो. मग तिने विचारलं होतं, इतकी मेंढरं तू मोजतोस कशी? आणि आजाचं उत्तर तिने जसंच्या तसं लिहिलं होतं: ‘मोजायची कशाला? संध्याकाळी वाघरीत आली की तोंडं बघायची. जे तोंड दिसलं न्हाई ते आपसूक ध्येनात येतंय.’

पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातात असं काही आलं नव्हतं. थर्माकोलचा सगळा पसारा त्या पाच पानांनी झाडून टाकला होता. मी पान उलटलं. पाचव्या पानावर शेवटी होतं: ‘आजाने शाळेच्या दारात आमच्या बाईंना बघून ओळखलं, तो म्हणतो की त्या आमच्याच लोकांतल्या आहेत. त्यांचे वडील आणि आजा एका वाटेने मेंढरं नेत होते. बाई लहान असताना आजाच्या घोड्यावर बसल्या होत्या.’

मी ती पानं घडी करून कपाटात ठेवली, खालच्या खणात, जुन्या हजेरीपटांखाली. शाळा सुटताना तिला थांबवलं. ‘छान लिहिलंयस,’ म्हणाले. ‘पण हे घरातलं असतं. घरातलं शाळेत बोलायचं नसतं. आजाचं कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. समजलं?’ तिने माझ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि मान हलवली. मी तिच्या डोक्यावर हात फिरवला. त्या हाताची मला आज शिसारी येते.

विषयाच्या शेवटी पुण्याहून पाहुण्या बाई यायच्या होत्या. त्यांनी मान डोलावली तरच ‘इंटरनॅशनल’ची पाटी पुढे चालू राहणार. शाळा रंगवली, मोऱ्या धुतल्या. आणि त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या रानात मेंढरं येऊन बसली.

त्याचं असं, की ते रान चेअरमनचंच. ऊस तुटून गेला की नवी लागण करायच्या आधी आपल्याकडे रानात मेंढरं बसवतात. तीन-चार रात्री कळप तिथेच बसला की लेंड्या-मुताने रान असं काही धरतं की खताचं कुठलंही पोतं त्याच्यापुढे टिकत नाही. चेअरमननी नेहमीप्रमाणे कधीच सांगावा धाडून ठेवला होता. पाहुण्या बाईंची तारीख आणि मेंढरांची तारीख एकाच माणसाने ठरवली होती, आणि दोन्ही एकाच आठवड्यात आहेत हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आणि कळप त्या मुलीच्या आजाचा होता.

हेडबाई धावत चेअरमनकडे गेल्या. मी बरोबर होते. ‘सर, प्लीज, दोनच दिवस त्यांना हलवा. वास येतोय, आवाज येतोय. मॅडम काय म्हणतील?’

चेअरमन म्हणाले, ‘मॅडम येतील आन जातील. रान हितंच हाय. बसलेली मेंढरं उठवत्यात व्हय कुणी?’

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तो पाच मिनिटंही टिकला नाही. कारण लगेच त्यांनीच तोड काढली: भिंतीवर हिरवी जाळी बांधा आणि कर्ण्यावर गाणी लावा. सहा आठवडे मुलांना जगभरच्या मेंढपाळांवर प्रेम करायला शिकवलं, आणि शेवटच्या दिवशी खरा मेंढका दिसू नये म्हणून शिपायाला शिडीवर चढवून रोपवाटिकेतली जाळी ताणून बांधली. याच्यावर हसलं नाही असं एकही माणूस त्या शाळेत नव्हतं असं मला म्हणायचं होतं. पण खरं सांगायचं तर कुणीच हसलं नाही. जाळीचं एक टोक मीच धरलं होतं.

पाहुण्या बाई आल्या. खादीची साडी, गळ्यात लाकडी मणी, मराठी बोलताना आपण उपकार करतोय असा चेहरा. थर्माकोलच्या तंबूपुढे पोरं रांगेत उभी राहून पाठ केलेलं म्हणाली. फिरस्ती माणसं कुरणाच्या शोधात फिरतात, त्यांचं निसर्गाशी नातं असतं, आपण त्यांचा आदर केला पाहिजे. कर्ण्यावरचं एक गाणं संपलं आणि दुसरं लागायच्या आधीच्या फटीत भिंतीपलीकडून शंभर तोंडांनी एकदम बें केलं.

‘अरे, हे काय?’ पाहुण्या बाई उजळल्या. ‘खरी मेंढरं? कुणाची आहेत?’

हेडबाई म्हणाल्या, ‘लोकल कम्युनिटी.’

‘किती छान! मुलांनो, तुमच्यापैकी कुणी ओळखतं का त्या मेंढपाळांना?’

सगळ्या वर्गाने त्या मुलीकडे बघितलं. पोरांना काय, सगळं माहीत असतं. ‘तिचा आजाय!’ एकाने सांगूनही टाकलं.

पाहुण्या बाई तिच्यापुढे गुडघ्यावर बसल्या. ‘तुझे आजोबा? खरंच?’

जाळी एका खांबापाशी फाटली होती. तिथे आजा उभा होता. आमच्या नळावर पाणी मागायला आला असावा, हातात प्लास्टिकची रिकामी कळशी होती. त्याला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. मुलीने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही. मान हलवली असती, नुसतं हसले असते, तरी पुरलं असतं.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘ते आमचे कुनी न्हाईत. मला म्हाईत न्हाई.’

आजा कळशी घेऊन मागे वळला आणि मेंढरांना हाळी घातली. ती हाळी मला पाठ आहे. माझा बाप तशीच घालायचा. कर्ण्यावर पुढचं गाणं लागलं.

पाटी राहिली. पाहुण्या बाईंच्या अहवालात आमच्या तंबूचं कौतुक आलं आणि एक सूचनाही आली: एका विद्यार्थिनीने आपल्या कुटुंबाबद्दल असत्य सांगितलं, तिच्या प्रामाणिकपणावर काम होण्याची गरज आहे. हेडबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘तिच्या प्रगतिपत्रकात हे यायला हवं. वर्गशिक्षिका तुम्ही आहात.’ मी म्हणाले, ‘हो.’ मग टेबलाशी बसून मी बारा रकाने भरले. जिज्ञासू, कोंब. विचारी, रोप. प्रामाणिक या रकान्यात मी पहिल्या चौकटीत, बीच्या चित्रावर, खूण केली आणि खाली सही केली. खालच्या खणात पाच पानं होती. ती काढून हेडबाईंच्या टेबलावर ठेवायला मला तीन पावलं चालावं लागलं असतं.

पालकसभेला तिची आई आली. मळ्यातून थेट आलेली, चपला दाराबाहेर काढून. पत्रक इंग्रजीत. ते तिने माझ्यापुढे धरलं. ‘आवं बाई, ह्या रकान्यात काय लिवलंय? बाकीच्यांत कोंब हाय, रोप हाय, हितंच येवढासा ठिपका.’

‘प्रामाणिकपणा,’ मी म्हणाले. ‘त्यात बी.’

‘बी म्हंजी?’

‘म्हणजे अजून उगवायचंय.’

तिने पत्रक खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. ‘माजी पोर खोटं बोलत न्हाई, बाई. त्या दिवसापास्नं आजाच्या फुडं जात न्हाई ती. त्यो वाटंला लागताना पाया पडाय बोलावली तर खाटंखाली जाऊन बसली. मी इचारलं, का गं बोललीस आसं? तर म्हनती, सांगायचं न्हाई. कुनी सांगितलंय तिला, तुमाला ठावं हाय का?’

पंखा फिरत होता. पुढच्या पालकांची रांग दारापर्यंत होती.

‘मुलं बोलतात कधीकधी असं,’ मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली, तिच्या मुलीसारखीच. मग हळू आवाजात, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, ‘आजा म्हनत हुता, तुमी आमच्यातल्याच हाय. म्हनला, पोरीला त्यांच्या वर्गात ठिवलंय तवा काळजी न्हाई.’

‘त्यांची काहीतरी चूक होतेय,’ मी म्हणाले. ‘मी वाईची.’

‘बरं,’ ती म्हणाली. पत्रकाची घडी करून तिने पिशवीत घातली. दारात चपला घालताना तिने मागे वळून बघितलं नाही. परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दाखला घेऊन गेली. आता मुलगी तिच्या मामाकडे, माणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते असं कळलं. तिथे दोन मास्तर आणि चार वर्ग आहेत, आणि दारात कसलीच पाटी नाही.

मला बढती मिळाली. आता मी अभ्यासक्रमाची समन्वयक आहे, नव्या बायकांना ‘संपूर्ण बालक’ मीच समजावून सांगते, आणि इतकं चांगलं सांगते की त्या लिहून घेतात. ह्या माघात चेअरमनचं रान तुटलं तेव्हा त्यांनी सांगावा धाडला होता. आजा आला नाही. त्याने आपली वाट बदलली, आमचं गाव टाळून तो विट्याकडून खाली गेला. चेअरमन दोन दिवस शिव्या घालत होते. भिंतीवरची जाळी अजून तशीच आहे, उन्हाने तिचा रंग उडालाय.

त्याआधी, ती गेली त्याच वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसरीतली पोरं चौथीत आली आणि वर्ग माझ्याकडेच राहिला. मोफत जागेवर दुसरी एक मुलगी आली होती. मी मोबाइलवर हजेरी घेतली. पटावर जितकी नावं होती तितकी सगळी पोरं हजर होती, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. मी मोबाइल ठेवला आणि समोरच्या टेबलांभोवतीचं एकेक तोंड बघत गेले. खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलाशी आल्यावर थांबले. एका पोराने विचारलं, ‘बाई, कुणाला शोधताय?’

‘कुणाला नाही,’ मी म्हणाले, आणि पुस्तक उघडायला सांगितलं.